बांधशेजाऱ्यांचा पाणीकरार

गोड्या पाण्याच्या रक्षणासाठी जगाने काय केले, असा विषय निघाला की स्टॉकहोम, डब्लिन, रिओ, न्यूयॉर्क ही नावे पुढे येतात. तिथे परिषदा भरल्या, ठराव झाले. या यादीत जालना जिल्ह्याचे नाव कुणी घेत नाही. ते घ्यायला हवे. आशिया-आफ्रिकेतल्या असंख्य खेड्यांत बायाबापड्या ज्या हापशावर पाणी भरतात, त्याची एक मुळी जालन्यात आहे. त्या हापशापासून आजच्या शेततळ्यापर्यंतची हकिकत सलग पाहिली, म्हणजे परदेशी मदत आपल्याला काय देऊ शकते आणि काय देऊ शकत नाही, हे याच जिल्ह्यातल्या बदनापूरच्या शिवारात उभे राहूनच समजते.

१९६० च्या दशकात दुष्काळी भागात खडक फोडून बोअर घेणारी यंत्रे बाहेरच्या मदतीतून येऊ लागली. पाणी लागले, पण ते वर आणायचे पंप टिकेनात. ते ओतीव लोखंडाचे होते. युरोप-अमेरिकेत एका कुटुंबाच्या परसात चालावेत अशा नमुन्यांच्या नकला. इथे एका पंपावर अख्खे गाव पहाटेपासून रात्रीपर्यंत हापसणार. दांडा निखळे, खीळ झिजे, आणि महिन्या-दोन महिन्यांत पंप गंजत पडे. जालन्यात ख्रिस्ती मिशनच्या पाणीकामातून एक साधा, पोलादी, एकाच सांध्यावर फिरणाऱ्या दांड्याचा पंप तयार झाला. तो ‘जालना पंप’ म्हणून ओळखला गेला. सोलापुरात त्यात सुधारणा झाली. पुढे युनिसेफ आणि भारत सरकारने त्याच धर्तीवर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इंडिया मार्क टू’ सिद्ध केला. दांड्याच्या टोकाला साखळी, ती गोलाकार पट्टीवरून सरकते, म्हणून आतली सळई वाकडी न होता सरळ उभी वरखाली होते. सांध्यात बेअरिंग, म्हणून झीज कमी. या रचनेवर कुणी मालकी हक्क सांगितला नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९८१ ते १९९० हे पेयजल दशक जाहीर केले तेव्हा हा पंप देशोदेशी गेला. जालन्याने जगाला दिलेली ही देणगी आपल्या शाळेच्या पुस्तकात असायला हवी.

या हापशाचा एक गुण आज आठवण्यासारखा आहे. मिनिटाला साधारण बारा लिटर पाणी, तेही दंडात जोर असेल तोवर. उपशाची मर्यादा यंत्रातच होती. कुणी कितीही हावरा असला तरी हापसून एकरभर बाग भिजवू शकत नव्हता. मग तेच खडक फोडण्याचे तंत्र पिण्याच्या पाण्याकडून शेताकडे वळले, बोअरमध्ये वीजपंप उतरला आणि यंत्रातली मर्यादा संपली. तिच्या जागी माणसांनी ठरवलेली मर्यादा यायला हवी होती. ती आली नाही. माझे सगळे म्हणणे या एका उणिवेविषयी आहे.

बदनापूर तालुक्याची जमीन ही उणीव पोटात घालणारी नाही. वर माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या खडक, आणि त्याखाली घट्ट काळा पाषाण. पाणी साठते ते वरच्या कुजलेल्या खडकात आणि भेगांत. पंजाब-हरियाणासारखे गाळाचे खोल थर इथे नाहीत. पाऊस सरासरी साडेसहाशे ते साडेसातशे मिलिमीटर, तोही चार महिन्यांत आणि लहरीने. दुधना नदी तालुक्यातून जाते, सोमठाण्याला तिच्यावर अप्पर दुधना प्रकल्प आहे. तरी शेतीचा मुख्य भार विहिरींवर आणि बोअरवर. एका चांगल्या पावसात भरणारी आणि एका वाईट उन्हाळ्यात रिकामी होणारी ही ठेव आहे, आणि ती बांधाबांधाने वाटलेली नाही. भेग सातबारा पाहून थांबत नाही.

उन्हाळ्यात गावोगाव दिसणारे दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. पाणाड्या तळहातावर नारळ धरून जागा दाखवतो. तामिळनाडू पासिंगची बोअरची गाडी रात्री येते, मागे पाइपांचा ट्रक. तीनशे फुटांपर्यंत नुसती करडी भुकटी उडते. घरधनी मूठभर भुकटी बोटांत चोळून ओल शोधतो. पाचशे फूट होतात, मालक ‘आणखी दोन पाइप टाका’ म्हणतो. दर फुटाला लागतो. पाणी लागो न लागो, पैसे मोजावेच लागतात. लागलेच, तर ते बहुधा खोल भेगेत अडकलेले पाणी असते. ते एखाद-दोन हंगाम चालते आणि मग पंप हवा ओढू लागतो. शेजारच्या जुन्या विहिरीचे झरे त्याआधीच आटलेले असतात.

या माणसाला हावरट म्हणणे अन्यायाचे होईल. मोसंबीचे झाड फळावर यायला पाच-सहा वर्षे लागतात. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याआधी २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यातल्या कितीतरी बागा उभ्या जळाल्या. पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडे डोळ्यांदेखत वाळत असताना कर्ज काढून बोअर घेणारा शेतकरी, त्याच्या एकट्याच्या हिशेबाने, बरोबरच वागतो. सगळ्यांनी मिळून केलेला हिशेब मात्र चुकतो. हा गुंता एकेकट्याच्या शहाणपणाने सुटत नाही. त्याला सगळ्यांनी मान्य केलेला नियम लागतो.

परदेशातून मदत येत राहिली आणि तिने भलेही केले. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली लाल मिलो आणि सुकडी खाऊन मराठवाड्याने दिवस काढले. त्याच वर्षी जूनमध्ये स्टॉकहोमला मानवी पर्यावरणावरची पहिली जागतिक परिषद भरली होती आणि इंदिरा गांधी तिथे बोलल्या होत्या. पुढे जर्मनीच्या मदतीने, नाबार्डमार्फत, इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला. हर्मन बाकर या स्विस धर्मगुरूंनी नगर जिल्ह्यातल्या कामातून त्याचा पाया घातला. जालना तालुक्यातल्या कडवंचीत खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली तो राबवला. माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती, चर, नाल्यांवर बंधारे. सोबत श्रमदान, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी. कडवंची द्राक्षाचे गाव झाले. दुष्काळातही तग धरणारे गाव म्हणून आजही लोक ते पाहायला जातात.

त्यानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आला, ज्याला सगळे ‘पोकरा’ म्हणतात. २०१८ मध्ये त्यासाठी ४२ कोटी डॉलरचा करार झाला. ठिबक, शेडनेट, फळबाग, शेततळे यांना अनुदान मिळाले. आयआयटी मुंबईच्या मदतीने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धतही या प्रकल्पात बसवली गेली.

हापसा, पाणलोट, पोकरा: या तिन्ही प्रयत्नांनी पाणी वर आणले, अडवले किंवा साठवले. ते कुणी किती काढायचे, हा प्रश्न मात्र तिन्ही वेळा मागे राहिला. कुऱ्हाडबंदी पाळली गेली, कारण झाड तोडणारा गावाला दिसतो. जमिनीखाली चालणारा उपसा दिसत नाही. शेततळ्याचेच उदाहरण घ्या. ते पावसाचे वाहते पाणी धरण्यासाठी होते. प्रत्यक्षात पन्नी अंथरलेली कितीतरी शेततळी दिवाळीनंतर विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्याने भरली जातात. जमिनीखाली सगळ्यांसाठी सुरक्षित असलेले पाणी एकाच्या मालकीच्या तळ्यात येते आणि त्यातले बरेचसे उन्हा-वाऱ्याने उडून जाते. सार्वजनिक पैशातून, काही अंशी परदेशी कर्जातून, सामायिक ठेव खासगी होते. हा दोष तळ्याचा नाही. नियमाशिवाय दिलेल्या साधनाचा आहे.

मग जगाकडून घेण्यासारखे काय उरते? माझे उत्तर असे, की पैसा आणि यंत्रे आपण घेतली; आता जगाने नद्यांसाठी बनवलेले नियम घ्यावेत. १९९७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने अनेक देशांतून वाहणाऱ्या जलप्रवाहांविषयीचा करार स्वीकारला. भारत त्या वेळी तटस्थ राहिला, आजही त्यात सामील नाही, आणि करार प्रत्यक्ष अमलात यायला २०१४ साल उजाडले. त्याची ताकद तोकडी आहे, हे मान्य. पण त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांच्या भांडणातून निथळलेले शहाणपण आहे आणि ते मोजक्या तत्त्वांत सांगता येते. प्रवाहाचा वापर न्याय्य आणि वाजवी असावा. आपल्या वापराने दुसऱ्याची मोठी हानी होऊ देऊ नये. पाण्याची माहिती एकमेकांना नियमित द्यावी. ज्याचा परिणाम शेजाऱ्यावर होईल असे नवे काम हाती घेण्याआधी त्याला कळवावे. आणि वाद झाला, तर माणसाच्या जगण्याच्या गरजांकडे विशेष लक्ष द्यावे.

देश हा शब्द काढून तिथे शेतकरी घाला, नदी काढून तिथे शिवाराखालचा खडक घाला. बदनापूर तालुक्यातल्या कोणत्याही गावाचा पाणीनियम तयार होतो. नवा बोअर घ्यायच्या आधी आजूबाजूच्या विहीरमालकांना आणि ग्रामपंचायतीला कळवायचे. ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी दर महिन्याला मोजून चावडीच्या फळ्यावर लिहायची. पावसाळा संपताच गावाचा ताळेबंद मांडून रब्बीत किती क्षेत्र भिजवायचे ते ठरवायचे. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीला आणि जनावरांच्या हौदाला पहिला मान द्यायचा. जमिनीखालचे पाणी उपसून शेततळे भरायचे नाही. यांपैकी एकाही गोष्टीला कोटींचा निधी लागत नाही.

मराठवाड्याने हे करावे याला एक नैतिक कारणही आहे, आणि ते आपल्याला बोचले पाहिजे. जायकवाडी धरण भरत नाही, कारण वर नाशिक-नगरमध्ये पाणी अडते, हे आपले जुने गाऱ्हाणे. ते खरे आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्याने खोऱ्यातल्या पाण्याच्या समन्यायी वाटपाचे तत्त्व आणले आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. वरच्याने खालच्याचा विचार करावा, ही मागणी आपण मोर्चे काढून, न्यायालयात जाऊन केली. मग पाचशे फुटांवर गेलेल्याने पन्नास फुटांच्या विहिरीचा विचार करावा, ही मागणी आपल्याच गावात परकी का वाटते? नाशिकला लावतो ती फूटपट्टी आपल्या बांधालाही लावली, तरच आपल्या शब्दाला वजन राहील.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की कायदा आहेच, मग गावाने डोकेफोड कशाला करावी? महाराष्ट्राचा भूजल अधिनियम २००९ चा. तो १ जून २०१४ पासून लागू झाला. शेती किंवा उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला त्यात मनाई आहे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर नको, हे तर १९९३ च्या कायद्यापासून सांगितले जात आहे. तरी रात्री गाड्या चालतात. तालुक्याच्या प्रत्येक शिवारात पोलीस उभा करणे अशक्य आहे, आणि शेजाऱ्याविरुद्ध तक्रार द्यायला कुणी धजावत नाही, कारण उद्या तीच वेळ आपल्यावर येणार हे प्रत्येकाला ठाऊक असते. कायद्याला गावाचा होकार मिळाला नाही, तर तो कागदावर राहतो. म्हणून नियम आधी गावाचा व्हावा आणि कायदा त्याच्या पाठीशी उभा राहावा.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. शेतकऱ्यानेच का आवरते घ्यायचे? शहरे पाणी पळवतात, कारखाने पितात, आणि पावसाचा लहरीपणा ज्या हवामानबदलाने वाढतो आहे तो तर मुख्यतः श्रीमंत देशांच्या धुराचा परिणाम. या म्हणण्यात तथ्य आहे. श्रीमंत देशांकडून येणारा पैसा उपकार म्हणून न घेता हक्क म्हणून घ्यावा, आणि कर्जापेक्षा अनुदान मागावे, असे माझेही मत आहे. कारखान्याच्या बोअरला तेच मोजमाप आणि तोच नियम हवा. पण दुसऱ्याचा दोष सिद्ध झाल्याने आपल्या विहिरीला पाणी येत नाही. शिवाय आपल्या गावाचे मोजलेले आकडे हातात असतील, तर शहराशी आणि कारखान्याशी भांडताना तेच कामी येतात. न मोजलेल्या पाण्यावर कुणाचाच हक्क सिद्ध होत नाही.

तिसरी शंका मनातली असते: लोक खरेच ऐकतील का? याचे उत्तर अनुभवात आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळच्या वेस्ट बेसिन भागात अतिउपशामुळे भूजलात समुद्राचे खारे पाणी घुसू लागले. तिथल्या उपसा करणाऱ्यांनी खटल्यात गुंतलेले असतानाच आपसांत वाटाघाटी करून प्रत्येकाचा उपसा कमी करायचे ठरवले आणि कोण किती काढतो याची नोंद सर्वांना खुली केली. या घडामोडीवर एलिनॉर ऑस्ट्रम यांनी प्रबंध लिहिला. सामायिक साधने लोक स्वतः नियम करून सांभाळू शकतात, हे पुढे आयुष्यभर दाखवून दिल्याबद्दल त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्या शेजारच्या, तेव्हाच्या अखंड आंध्रात नेदरलँड्सच्या पैशाने आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या देखरेखीखाली शेतकऱ्यांनी चालवलेला भूजल प्रकल्प झाला. त्यात शेतकरी स्वतः पाऊस आणि विहिरींची पातळी मोजत, रब्बीच्या तोंडावर एकत्र बसून हिशेब करत. सक्ती कुणावर नव्हती. आकडे समोर आल्यावर अनेकांनी कमी पाण्याची पिके निवडली. परदेशी पैसा इथे तळ्या-पंपांऐवजी मोजण्यावर आणि शिकण्यावर खर्च झाला, हा त्याचा विशेष.

आणि आपली माणसे? पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा हक्क जमिनीवर न ठरता कुटुंबातल्या माणसांवर ठरला, भूमिहीनालाही वाटा मिळाला आणि उसाला नकार दिला गेला. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद केले आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिके ठरवली. ही गावे काही वेगळ्या मातीची नव्हती. खडक तोच, पाऊस बदनापूरपेक्षा कमीच. अटल भूजल योजनेनेही, जिचा निम्मा पैसा जागतिक बँकेच्या कर्जाचा होता, गावांना हेच सांगितले: पातळी मोजा, जाहीर करा, आराखडा करा. जालना जिल्हा त्या योजनेत होता. योजनेची मुदत संपते. मोजण्याची सवय मात्र गावाने धरली तर टिकते.

कमी पाण्यात जगायचे म्हणजे गरिबीत जगायचे, ही भीतीही निराधार आहे, आणि याचा पुरावा बदनापुरातच आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे कृषी संशोधन केंद्र इथे आहे. तुरीचे बीडीएन ७११, बीएसएमआर ७३६, बीडीएन ७१६ असे वाण याच केंद्रातून निघाले आणि मराठवाडाभर, बाहेरही, पेरले गेले. बीडीएन ७११ लवकर, म्हणजे साधारण पाच महिन्यांत हाती येते, म्हणून जमिनीतली ओल संपायच्या आत दाणा भरतो. संयुक्त राष्ट्रांनी २०१६ हे आंतरराष्ट्रीय कडधान्य वर्ष म्हणून पाळले, ते कडधान्य कमी पाण्यात प्रथिने देते आणि जमीन सुधारते म्हणून. जगाने एका वर्षापुरते जे सांगितले, ते हे केंद्र दशकानुदशके करत आले आहे. मोसंबी संशोधन केंद्रही बदनापुरातच आहे. मोसंबी सोडा, असे मी म्हणणार नाही. पण आंबिया बहार धरला की फळ पोसायला ऐन उन्हाळ्यात पाणी लागते. मृग बहाराला उन्हाळ्यात झाड जगवण्यापुरते पाणी पुरते, पुढचे बरेचसे काम पाऊस करतो. विहिरींची पातळी पाहून यंदा कोणता बहार धरायचा, हे गावातल्या बागायतदारांनी एकत्र बसून ठरवले तर कितीतरी बोअर न घेताच वाचतील. हे शास्त्र दारात आहे. ते ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर यायला हवे.

मार्च २०२३ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांची जलपरिषद भरली. तशी आधीची परिषद १९७७ मध्ये, अर्जेंटिनात मार देल प्लाता इथे झाली होती. मध्ये ४६ वर्षे गेली. न्यूयॉर्कमध्ये सातशेच्या आसपास वचने दिली गेली आणि त्यांतले एकही बंधनकारक नव्हते. २०१० मध्ये आमसभेने पाण्याला मानवी हक्क म्हटले, २०१५ मध्ये शाश्वत विकासाच्या सहाव्या उद्दिष्टात सर्वांना पाणी देण्याचे ठरवले. हे ठराव निरुपयोगी आहेत असे मी मानत नाही. त्यांनी दिशा दाखवली, पैसा आणला. परंतु बदनापूरच्या खडकातल्या पाण्यावर न्यूयॉर्कची हुकमत चालत नाही, मुंबईचीही फारशी चालत नाही. ती चालते फक्त त्या खडकावर राहणाऱ्यांची, आणि त्यांनी अजून ती एकत्र येऊन वापरलेली नाही.

गांधी जयंतीला, २ ऑक्टोबरला, आपल्या गावोगाव ग्रामसभा होते. विहिरी त्या वेळी तुडुंब असतात, मने शांत असतात, कुणाची बाग वाळत नसते. पाण्याचा करार करायला याहून चांगला दिवस नाही. टंचाई लागल्यावर तडजोड होत नाही, भांडण होते. बदनापूर तालुक्यातल्या सरपंचांना, बागायतदारांना आणि विशेषतः रोज पाणी भरणाऱ्या बायांना माझी विनंती आहे: येत्या ग्रामसभेत एकच विषय घ्या. गावातल्या काही विहिरी निवडा, त्यांची पातळी मोजायची जबाबदारी शाळेतल्या मुलांवर आणि शिक्षकांवर सोपवा, आकडे फळ्यावर लिहा आणि नवा बोअर घेणाऱ्याने आधी शेजाऱ्याला सांगायचे, एवढा ठराव करून त्यावर सह्या करा. बाकीचे नियम त्यातून पुढे सुचतील. या कामासाठी कुणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.